बंद झालेल्या बालगृहाच्या कर्मचाऱ्यांचा इतिहास जमवताना: कामाच्या नोंदी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं बालगृह, ट्रस्टने चालवलेलं, पन्नाशीच्या दशकात सुरू झालेलं आणि काही वर्षांपूर्वी बंद पडलेलं. इमारत पाडायची ठरली तेव्हा तिथे वाढलेल्या मुलांनी (त्यातले बरेच आता आजोबा झालेत) विश्वस्तांना सांगितलं की निदान कागद तरी वाचवा, आणि मग आम्ही चौघं-पाच जण कामाला लागलो. दुसरीकडे कोणी असंच काम करत असेल तर उपयोग होईल म्हणून या नोंदी. संस्थेचं, गावाचं किंवा कुणाचंही नाव यात येणार नाही, कारण नाव आलं की तिथल्या मुलांची ओळख पटायला वेळ लागत नाही.

६ जानेवारी

आधी परवानगीचं पत्र घेतलं. "घेऊन जा हो सगळं, नाहीतरी रद्दीतच जाणारे" असं विश्वस्त तोंडी म्हणतात आणि मनापासून म्हणतात, पण तेवढ्यावर काम सुरू करू नये, उद्या विश्वस्त मंडळ बदललं की तुम्ही कागद पळवले असं होतं. पत्रात चार गोष्टी लिहून घेतल्या: मूळ कागदांची मालकी ट्रस्टचीच राहील, ते तात्पुरते कुठे ठेवलेत, स्कॅनच्या प्रती कोणाकडे राहतील, आणि मुलांच्या फाइली आम्ही उघडणार नाही. शेवटच्या मुद्द्यावर विश्वस्तांना आश्चर्य वाटलं, त्याबद्दल पुढे लिहितो.

सुरुवातीला हातात होती फक्त सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. तिच्यात इतिहास १८६३ पासून सुरू होतो, फुले दांपत्याने पुण्यात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह, मग पंढरपूरचं १८७५ चं, मग थेट आपले पहिले अध्यक्ष. देणगीदारांचे पानभर फोटो, मंत्र्यांचे शुभसंदेश, आणि शेवटी एका ओळीत "सर्व कर्मचारीवृंदाचे आभार". बास. सावित्रीबाई स्वतः तिथे येणाऱ्या विधवांची बाळंतपणं बघायच्या, म्हणून त्या घरात सांभाळणाऱ्या बाईचं नाव टिकलं. पुढे संस्था झाल्या, चालवणारे वेगळे आणि सांभाळणारे वेगळे झाले, आणि सांभाळणाऱ्यांची नावं गेली. आम्ही तिथूनच सुरुवात करायची ठरवली, पहिली यादी कर्मचाऱ्यांची.

११ जानेवारी

कागद होते कोठीघरात, फडक्यात बांधलेले बस्ते, दोन लोखंडी कपाटं आणि एक पत्र्याची ट्रंक. छत गळत असल्यामुळे खालचे बस्ते ओले, मधले दमट आणि वरच्यांना कसर. भिंतीच्या बाजूला वाळवी. वाळवीवाल्याला बोलवायचं तर बोलवा पण कागद बाहेर काढल्यावर, फवारा कागदावर पडला की डाग कायमचा.

कोणीतरी सुचवलं गच्चीवर ऊन दाखवू. नाही करायचं. उन्हात शाई उडते आणि कागद वाकडा होऊन कडक पडतो. वऱ्हांड्यात दोऱ्या बांधल्या, लांबून पंखे लावले, वह्या उभ्या करून पानं पंख्यासारखी मोकळी केली. पानांमध्ये टिपायला वर्तमानपत्र घातलेल्या वह्यांमध्ये बातम्यांची शाई पगाराच्या आकड्यांवर उतरली, ते पाहिल्यावर छापखान्यातून कोरा न्यूजप्रिंट आणला. बुरशी असलेल्या वह्या वेगळ्या, मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने, आपल्यापासून लांब झटकायच्या. आणि डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही, ते फक्त किड्यांसाठी.

दोन वह्या इतक्या भिजल्या होत्या की पान सुटेना. त्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ओळखीच्या माणसाच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या. फ्रीझरमध्ये बुरशी मरत नाही पण वाढायची थांबते, तेवढा वेळ मिळाला. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, खाली पातळ प्लास्टिकचा तुकडा सरकवा आणि टाचणीचे पाय सरळ करून मग उचला.

१९ जानेवारी

वर्गवारी. तीन ढीग केले: मुलांचे, कर्मचाऱ्यांचे, संस्थेचे. मुलांच्या ढिगात प्रवेश नोंदवही, वैयक्तिक फाइली, बाल कल्याण समितीचे आदेश, दत्तक गेलेल्यांचे कागद. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा नसता तरी आम्ही त्या उघडल्या नसत्या. आई कुठे सापडली, बाप कुठल्या तुरुंगात होता, कोणी मूल आणून सोडलं, हे ज्याचं आहे त्याने आधी वाचायचं, गावाने नाही. गाव छोटं आहे, आडनाव वाचलं की घर कळतं.

त्या फाइलींची बाहेरून मोजदाद करून, वर्ष लिहून, विश्वस्तांसमोर पेट्या सीलबंद केल्या आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे सुपूर्द करायचं पत्र दिलं. पत्राची पोच घ्याच, शिक्का आणि तारखेसकट.

यात भरपूर वेळ गेला, कारण ढीग असे सुटे नव्हतेच. आजारपणाच्या वहीत मुलांची नावं, पण लिहिणारी नर्सबाई. रात्रपाळीच्या वहीत प्रत्येक ओळीत मूल आणि प्रत्येक ओळीखाली मावशीची सही. शेवटी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, फोटो काढताना मुलाच्या नावाचा कॉलम झाकायचा आणि तारीख, काम, सही एवढंच घ्यायचं. नंतर कॉम्प्युटरवर नाव पुसू असं म्हणू नका. मूळ फोटो कुठल्यातरी मोबाईलमध्ये, कुठल्यातरी ग्रुपवर राहतोच.

३ फेब्रुवारी

स्कॅनिंग. मोबाईलच्या स्कॅनर अ‍ॅपने पटापट होतं म्हणून तसं सुरू केलं, पानं छान पांढरीशुभ्र दिसत होती. मग मूळ हजेरीपट शेजारी ठेवून ताडून पाहिला तेव्हा कळलं की अ‍ॅप आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवतं आणि पेन्सिलने लिहिलेलं सगळं गायब होतं. आणि आपल्या कामाचं जे होतं ते पेन्सिलीतच होतं! "गावी गेली, सासू वारली", "बदलीवर धाकटी बहीण आली", "आजपासून रात्री पण". अधीक्षकांनी समासात लिहिलेली ही टिपणं, शाईत फक्त ह आणि गै. सगळं परत काढावं लागलं. आता अ‍ॅप नाही, साधा कॅमेरा, स्टँडवर, फिल्टर बंद, दोन्ही बाजूंनी दिवे. फोटो आणि प्रमाणपत्रांना फ्लॅटबेड स्कॅनर, कागदाला ३०० डीपीआय, फोटोला ६००.

फाइलचं नाव त्याच वेळी द्यायचं: प्रकार, वही क्रमांक, वर्ष, पान. "नंतर देऊ" म्हणलेले फोल्डर तसेच पडून राहतात.

१२ फेब्रुवारी

पगारपत्रकं स्प्रेडशीटमध्ये भरायला घेतली. १ एप्रिल १९५७ च्या आधीचे पगार रुपये-आणे-पै मध्ये, वहीत २२-८-० असं लिहिलेलं. तसंच टाइप केलं की शीट त्याची २२ ऑगस्ट २००० करून टाकते. आणि सगळ्याच आकड्यांचं नाही, ३१ रुपयांच्या वरचे किंवा तेरा-चौदा-पंधरा आणे असलेले तसेच राहतात, त्यामुळे वरवर बघताना कॉलम बरा दिसतो आणि बेरीज मात्र भलतीच येते. उपाय सोपा आहे, रुपये, आणे, पै असे तीन वेगळे कॉलम करायचे आणि चौथ्यात सगळ्याच्या पै करायच्या, रुपयाच्या १९२ पै, आण्याच्या १२. ५७ नंतरच्या वह्यांमध्ये काही महिने नवे पैसे आणि आणे दोन्ही सापडतात, कारकुनाच्या हातातली सवय जायला वेळ लागला असणार, तिथे प्रत्येक ओळ डोळ्याने बघायची.

२४ फेब्रुवारी

हजेरीपट आणि पगारपत्रकं मिळून कर्मचाऱ्यांची यादी आकार घ्यायला लागली. हुद्दे काळानुसार बदलत गेलेत: आधी गृहपती, आया, स्वयंपाकीण, रखवालदार, नंतर अधीक्षक, काळजीवाहक, मदतनीस, पहारेकरी. माणूस तोच, हुद्दा नवा. म्हणून यादी हुद्द्यावरून लावली तर एकाच बाईच्या दोन बाया होतात, आमच्या यादीत तसं व्हायला लागलं होतं. आयांची तर फक्त पहिली नावं, आडनावाच्या जागी "आया". एकाच नावाच्या दोघी ओळखायच्या कशा, तर सहीवरून आणि अंगठ्याच्या जागेवरून.

अंगठ्यांबद्दल सांगायलाच हवं. पगारपत्रकात एका आयाच्या नावापुढे वर्षानुवर्षं अंगठा आहे. कारकून आधीच "नि. डा. हा. अंगठा" (निशाणी डाव्या हाताचा अंगठा) लिहून ठेवायचा आणि ती शेजारी अंगठा उठवायची. साठच्या दशकात एका महिन्यात कारकुनाने नेहमीसारखंच लिहून ठेवलंय आणि त्याच्यावरून आडवी, मोठ्या अक्षरात, वेलांटी चुकलेली सही आहे, रेव्हेन्यू तिकिटाच्या बाहेर गेलेली. पुढचे तीन महिने कारकून अंगठाच लिहितो आणि ती त्यावरच सही करते. चौथ्या महिन्यापासून ती जागा कोरी सोडलेली आहे.

"कपात" कॉलम पण वाचा. तिथे "कपबशी २", "कंदिलाची काच १" असं लिहून पगारातून आणे कापलेत. मुलांनी फोडलेल्या काचा कोणाच्या पगारातून गेल्या ते तिथे दिसतं.

आणि मुलांची हजेरी जाडजूड, कर्मचाऱ्यांची हडकुळी, याचंही कारण आहे. सरकारचं परिपोषण अनुदान मुलामागे मिळतं, तपासणीला येणारा साहेब मुलं मोजतो, मावश्या नाही. त्यामुळे जी वही तपासली जायची ती नीट राहिली.

६ मार्च

बाहेरच्या कार्यालयांत शोध. काय मिळालं आणि काय नाही ते लिहितो.

धर्मादाय आयुक्त कार्यालय: इथे फायदा झाला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी असते, सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था असेल तर नोंदणी क्रमांक "एफ"ने सुरू होतो, तो आधी शोधून ठेवा नाहीतर खिडकीवरूनच परत पाठवतात. परिशिष्ट १ चा उतारा, बदल अर्ज आणि दरवर्षीचे हिशेब यांच्या नकला मागायच्या. कर्मचाऱ्यांची नावं तिथे नसतात, पण परिशिष्ट ९ म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात पगाराचा एकूण आकडा असतो, ज्या वर्षांची पगारपत्रकं वाळवीने खाल्लीत त्या वर्षी किती माणसं असतील याचा अंदाज त्यावरून येतो.

सरकारी पत्रव्यवहार: १९९३ मध्ये महिला व बालविकास हा वेगळा विभाग झाला, त्याच्या आधीचं सगळं समाजकल्याण खात्याकडे. आम्ही एकाच कार्यालयात सगळं शोधत बसलो होतो.

भविष्य निर्वाह निधी: काही नाही मिळालं आणि मिळणारही नव्हतं. वीसपेक्षा कमी माणसं असली की तो कायदा आपोआप लागू होत नाही, आणि इथे कधीच वीस माणसं नव्हती. म्हणजे ज्या बायका चोवीस तास तिथेच राहिल्या, त्यांच्या नावाने सेवापुस्तक नाही, पीएफ नाही, पेन्शन नाही. ही रिकामी जागा यादीत तशीच ठेवलीय, "सेवापुस्तक: नाही" असं प्रत्येकीपुढे लिहून.

तारीख नसलेल्या पत्रांसाठी लेटरहेड आणि कायद्याचं नाव उपयोगी पडलं. मुंबई मुलांचा कायदा १९४८ असा उल्लेख असेल तर ते ऑक्टोबर १९८७ च्या आधीचं, त्यानंतर १९८६ चा केंद्राचा बाल न्याय कायदा लागू झाला, मग २००१ पासून २००० चा, आणि १५ जानेवारी २०१६ पासून आत्ताचा. एवढ्यावरून पेटीभर सुटे कागद लावून झाले.

१८ मार्च

मुलाखती. पहिली सगळ्यांना एकत्र बसवून घेतली आणि ती फुकट गेली. माजी अधीक्षक हॉलमध्ये असले की मावशी बोलत नाहीत, "साहेबांना सगळं माहितीये" एवढंच. आता प्रत्येकीच्या घरी जाऊन, एकेकटीशी.

"किती साली लागलात?" हा प्रश्न विचारू नका, उत्तर येत नाही आणि माणूस ओशाळतो. त्याऐवजी, सकाळी पहिला बंब कोण पेटवायचं? तेव्हा तुमच्या खोलीत आणखी कोण झोपायचं? वर्ष ठरवायला मोठ्या घटना धरायच्या, कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ, किल्लारी (३० सप्टेंबर १९९३). एक मावशी म्हणाल्या, "मी आले त्या साली पोरांना मिलोच्या भाकऱ्या थापत होते, लाल, तुटायच्या हातात." मिलो म्हणजे त्या दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी. झालं, बहात्तर-त्र्याहत्तर. हजेरीपटात बघितलं, नाव आहे.

त्या सहीवाल्या आया आता नाहीत. पण तेव्हाच्या एका मुलाने, वय आता सत्तरच्या पुढे, सांगितलं की संध्याकाळी अभ्यासाला चौथीची मुलं बसायची तेव्हा त्या मागे तांदूळ निवडत बसायच्या आणि ताटातल्या तांदळात बोटाने अक्षरं काढायच्या. कोणी बघितलं की पुसायच्या.

रेकॉर्डिंगला लेखी संमती घ्या, मराठीत, वाचून दाखवून, आणि "हे नंतर काढून टाका म्हणलं तर काढू" हे वाक्य त्यात असू द्या. दोघींनी नंतर काही भाग काढायला सांगितला, काढला.

३१ मार्च

हे लिहायला अवघड आहे पण सोडता येत नाही. शिक्षा नोंदवही सापडली. आणि एकाच अधीक्षकांबद्दल दोन माजी मुलांनी पूर्ण उलट सांगितलं, एक म्हणतो त्यांनी मला शिकवलं म्हणून मी उभा राहिलो, दुसरा म्हणतो त्यांचा आवाज आठवला की अजून झोप उडते. आमच्यात वाद झाला, कुणाला वाटलं गौरवाच्या कामात हे कशाला, कुणाला वाटलं मधलं काहीतरी लिहू. मला दोन्ही पटलं नाही. दोघांचंही बोलणं पूर्ण, शेजारी शेजारी, त्यांच्या शब्दांत ठेवलंय. मधलं काहीतरी लिहिलं की दोघंही खोटे पडतात. कर्मचाऱ्यांचा इतिहास म्हणजे कर्मचाऱ्यांची आरती नव्हे, पगार कमी होता आणि माणसं अपुरी होती हे खरं असलं तरी छडी छडीच असते.

मारहाणीच्या पलीकडचं काही कोणी सांगितलं तर रेकॉर्डर बंद करायचा, आधी विचारायचं की तुम्हाला याचं काय व्हावंसं वाटतं, आणि वकिलाशी बोलल्याशिवाय पुढे काही करायचं नाही. हा नियम आधीच ठरवून ठेवा, समोर माणूस रडत असताना ठरवता येत नाही.

१४ एप्रिल

काम सुरू आहे हे कळल्यावर माजी मुलं यायला लागली. एक बाई लांबून आल्या, दत्तक गेलेल्या, म्हणाल्या माझी फाइल दाखवा. आम्ही दाखवली नाही, पेट्या सीलबंदच आहेत. पण नुसतं नाही म्हणून पाठवणं बरोबर नाही, मार्ग सांगितला: दत्तक नियमांप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतःच्या मुळाच्या शोधासाठी अर्ज करता येतो, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा कारा या केंद्रीय प्राधिकरणाकडे. अर्ज लिहायला मदत केली.

मग त्यांनी विचारलं, मला सांभाळायचं कोण? याचं उत्तर मात्र आमच्याकडे होतं. त्या सालचा हजेरीपट काढला, तान्ह्या मुलांच्या खोलीवर दिवसा कोण, रात्री कोण, दोन नावं, आणि त्यातल्या एकीचा फोटो. त्या बराच वेळ फोटो बघत होत्या, मग नाव वहीत उतरवून घेतलं, स्पेलिंग विचारून.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच विचारतो, कुठल्या साली होता, कुठल्या खोलीत. यादी आता साल आणि खोली अशी पण लावलीय.

२७ एप्रिल

फोटो. फ्रेममधल्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, चेहऱ्याचा थर काचेबरोबर येतो. काचेसकटच फोटो काढला, कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरून, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो दात साफ करायच्या दोऱ्याने हळूहळू सुटतात, जिथे अडेल तिथे थांबायचं. सेलोटेप लावून जोडायचं नाही, लॅमिनेशन तर कधीच नाही.

ग्रुप फोटोत खाली नावं फक्त खुर्चीवर बसलेल्यांची. मागे उभ्या बायकांची ओळख पटवायला फोटोची मोठी प्रत घेऊन घरोघरी गेलो, चेहऱ्यांना आकडे दिले आणि किमान दोन जणांनी, वेगवेगळं विचारल्यावर, एकच नाव सांगितलं तरच ते लिहिलं. काही चेहरे अजून आकडेच आहेत. मुलं असलेले फोटो बाहेर द्यायचे नाहीत, त्यातला कर्मचाऱ्याचा चेहरा तेवढा कापून देतो.

९ मे

आत्तापर्यंतचा खर्च: दोन हार्ड डिस्क ₹९,५००, न्यूजप्रिंट, पेट्या आणि आम्लमुक्त कागद (जुन्या कागदांना अपाय न करणारा) मिळून साधारण ₹७,०००, नकलांच्या फी आणि झेरॉक्स ₹२,२००, प्रवास ज्याचा त्याने. आम्लमुक्त कागद महाग पडतो, तो फक्त हजेरीपट, पगारपत्रकं आणि फोटोंना वापरला, बाकीच्यांना साधे पुठ्ठ्याचे बॉक्स.

स्कॅनची एक प्रत ट्रस्टकडे, एक माजी मुलांच्या मंडळाकडे. मूळ कागद गावच्या वाचनालयाने एका कपाटात ठेवायचं कबूल केलंय, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब, लेखी पत्र यायचंय. मुलांच्या पेट्या जिल्ह्याला पोचल्या, पोच फाइलला लावली.

राहिलेलं: फ्रीझरमधल्या दोन वह्यांपैकी एक सुटली, एक अजून नाही, तिच्यासाठी पुराभिलेखाच्या कामातल्या जाणकार माणसाला विचारणार. १९७८ ते ८३ ची पगारपत्रकं नाहीतच. त्या वर्षांच्या किराणा आणि दुधाच्या वह्या मिळाल्यात, माल उतरवून घेणाऱ्याची सही रोज आहे, त्यावरून स्वयंपाकघरात कोण होतं ते लागेल. पाऊस लागायच्या आत त्या वह्यांचे फोटो काढून घ्यायचेत, जूनच्या पहिल्या आठवड्यात इमारतीचा ताबा कंत्राटदाराकडे जातोय.